पत मर्यादा रुपये दोन लाख फक्त

नेर,
दि. ११ जानेवारी २०२५

चि. अर्पितास विमलआत्याचे अ. आ. वि. वि. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण त्याखालचा मजकूर नेहमीचा नाही. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून बसून वाच.

काल तुझ्या लग्नाचा बायोडाटा माझ्या हाती आला. तुझ्या बाबांनी तो यवतमाळच्या गाडीने पाठवला. कंडक्टरकीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी मारोतचं टपाल एसटीनेच येतं, आणि पोस्टात पस्तीस वर्षं काढलेल्या सख्ख्या बहिणीला ते किती लागतं हे त्याला या जन्मी कळायचं नाही. असो. कु. अर्पिता मारोतराव गावंडे, उंची पाच फूट दोन इंच, शिक्षण बी.कॉम., नोकरी मोठ्या दुकानात, कार्ड विभागात. इथवर ठीक. त्याच्याखाली, नाडी आणि गणाच्या वर, ठळक अक्षरांत काय छापलं आहे? ‘पत मर्यादा : रुपये दोन लाख फक्त.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला वाटलं, मारोतने शेत विकलं की काय. मग मारोतला फोन लावला, तेव्हा तो मोठ्या ऐटीत सांगतो की ताई, अर्पिताच्या कार्डाची लिमिट वाढली, कंपनीनं तसं पत्र देल्लं, मी त्याले लॅमिनेशन करून आणलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून दिला आणि कागद काढला, कारण फोनवरचा राग ऐकणारा विसरतो. कागदावरचा त्याला पुन्हा वाचता येतो.

मला एवढंच सांग. तुझा पगार साडेचौदा हजार. दोन लाख ही तुझी मर्यादा कुणी ठरवली, कशावरून ठरवली, आणि तू त्याला हो का म्हणालीस? वीस हजारांची होती तेव्हा मी काही बोलले नव्हते. पंचाहत्तर झाली तेव्हा तू पेढे आणलेस, मी ते मुकाट्याने खाल्ले, त्याचा आता पश्चात्ताप होतो. आणि पत म्हणजे काय ते तुझ्या बापाला समजत नसेल तर तू समजाव. पत म्हणजे आपल्याबद्दल चार माणसांच्या मनात असलेला विश्वास. दुकानाने उधारीवर किती फ्रिज न्यायची मुभा दिली, ती पत नव्हे.

वाल पेरले आहेत, शेंगा लागल्या की पाठवीन. पोस्टाने. राग उतरेपर्यंतही माया तुझ्यावर होती तितकीच राहील, तिची काळजी नको.

तुझी,
विमलआत्या


यवतमाळ,
दि. १९ जानेवारी २०२५

ती. आत्यास अर्पिताचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र बसूनच वाचलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच घरी परत आणला.

पहिली गोष्ट, बायोडाट्यातली ती ओळ मला ठाऊकच नव्हती. मी पाहिली तेव्हा शरमेने मेले. बाबांना म्हटलं तर ते मलाच म्हणतात की कंपनीनं मराठीत, सहीशिक्क्यानं ल्हिऊन देल्लं, मी कायले लपवू? आता छापलेल्या पंचवीस प्रती वाटून झाल्या आहेत.

पण आत्या, ओळ चुकीची असली तरी लिमिट चुकीची नाही. तू रागात आहेस म्हणून हिशेबानेच सांगते. माझी मर्यादा वीस हजार होती तेव्हा मी नऊ हजारांचा मोबाइल घेतला. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ निम्मे पैसे मी वापरले, आणि माझा क्रेडिट स्कोअर घसरला, कारण मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त वापरलं की बँकेला वाटतं, माणूस अडचणीत आहे. तोच मोबाइल दोन लाखांच्या मर्यादेत घेतला असता तर विसावा हिस्साही झाला नसता. मर्यादा मोठी म्हणजे मी ती सगळी वापरणार असं थोडंच आहे? पंचेचाळीस दिवसांच्या आत सगळे पैसे भरते, आजवर एक रुपया व्याज दिलेलं नाही. उद्या काही अडीअडचण आली तर हाताशी असलेलं बरं. आणि खरं सांगू का, महिन्याला तीस गिऱ्हाइकांची मर्यादा वाढवून द्यायची हे माझं काम आहे. मी स्वतःचीच वाढवली नाही तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?

आता खरी बातमी. गेल्या रविवारी वणीचे लोक पाहायला येऊन गेले. मुलगा अंकुर, कोळशाच्या ट्रकांचा हिशेब ठेवणाऱ्या एका ऑफिसात आहे. वडील वामनराव, आई, आणि तो. त्याने मला स्वयंपाक येतो का ते विचारलं नाही. लग्नानंतर नोकरी करणार का ते विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर वणीला तुमच्या दुकानाची शाखा आहे, बदली मिळेल का, असंही स्वतःहून म्हणाला. चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवला. मला तो आवडला, आत्या. तुला पहिल्यांदा सांगते आहे, आईलाही अजून एवढं स्पष्ट बोलले नाही.

बाबांनी ते लॅमिनेशन केलेलं पत्र पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं होतं. वामनरावांनी ते दोनदा वाचलं. मी खाली बघत बसले. पण ते हसले, आणि पोरगी वळणाची हाये म्हणाले. तेव्हा तुझा राग आता थोडा उतरू दे, आणि साक्षगंधाला नेसायला कोणती साडी काढणार ते कळव.

वालाच्या शेंगांची आणि तुझ्या बऱ्या शब्दाची वाट बघणारी,
अर्पिता


नेर,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. अर्पितास अ. आ. मुलगा कप उचलतो हे वाचून बरं वाटलं. तू असं उघड लिहिलंस म्हणून आणखी बरं वाटलं. ते मनापासून लिहून झालं, आता भांडू या.

अडीअडचण म्हणतेस. तुझं हे कार्ड चालतं कुठे? तुमच्याच दुकानात. दवाखाना घेतो का? मेडिकलवाला घेतो का? एसटीचं तिकीट निघतं का त्यावर? मग जिथे फ्रिज, टीव्ही आणि सोफे यांपलीकडे काही मिळत नाही तिथे दोन लाखांची कोणती अडचण उभी राहते, ते मला समजावून सांग. सोफ्यावाचून कुणाचा जीव घाबरा झालेला मी तरी पाहिलेला नाही. आणि स्कोअर कशाला हवा? पुढे मोठं कर्ज मिळावं म्हणून. म्हणजे जास्त उसनवारीची लायकी यावी यासाठी आधी जास्त उसनवारीची परवानगी घेऊन ठेवायची. तुमच्या कंपनीत हे कुणाला हसू न येता सांगता येतं का?

आमच्या बचत गटात तांड्यावरची रामीबाई आहे, तू तिला ओळखतेस. तिने बकऱ्यांसाठी तीस हजार मागितले. आम्ही बारा दिले. तिच्या गोठ्यात सहाच बकऱ्या मावतात आणि तिचा नवरा उत्तमसिंग ऊस तोडायला गेला की ती घरी एकटी असते, हे आम्हा दहा जणींना माहीत होतं. रामीबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या खेपेला तिने स्वतःहून अठराच मागितले, आणि अठराच का ते बोटांवर मोजून सांगितलं. मर्यादा अशी ठरते, पोरी. समोर बसून, माणूस पाहून, थोडं वाईटपण घेऊन. तुमच्या यंत्राला तू कोण हे कुठे ठाऊक आहे? तू वेळेवर पैसे भरतेस एवढंच त्याला ठाऊक आहे, आणि तू कधी तरी भरू शकणार नाहीस या आशेवर ते मर्यादा वाढवत राहतं. मोठ्या मर्यादेत दुकानाचं शहाणपण आहे. तुझं काय आहे ते मला अजून दिसलेलं नाही.

तू जपून वापरतेस हे मी मानते, आणि तुझ्या हाताची मला काळजी नाही. काळजी आहे ती दुसऱ्यांच्या डोळ्यांची. ज्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, त्यांना दुसऱ्यांदा त्यात काय सापडलं, हे माझ्या मनातून जात नाही. माझं चुकत असेल तर साक्षगंधात सगळ्यांसमोर कान धरीन.

जांभळी नारायणपेठ काढणार आहे. भांडणातही तुझ्याच बाजूची,
विमलआत्या


यवतमाळ,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस मारोतचा सा. न. वि. वि. तू फोनवर बोलत नाहीस, म्हणून तुझ्याच वाटेने येतो. अक्षराला हसू नकोस, तिकिटांवर भोकं पाडण्यात आयुष्य गेलं.

साक्षगंध दोन मार्चला ठरलं. वामनराव फार सरळ माणूस निघाला. स्पष्ट म्हणाले की बा आमाले हुंडा नाही पायजे, आमी त्यातले नाही. फक्त पोरीले तिच्या घरात जे वापराले लागते तेवढं आंदण द्या. तशी यादी त्यांनी पाठवली आहे. डबल डोअर फ्रिज ४२,९९०, पंचावन्न इंची टीव्ही ५१,५००, वॉशिंग मशीन २८,५००, एसी ४१,०००, सोफा ३१,०००. भाव ते स्वतः अर्पिताच्या दुकानात जाऊन, डायरीत टिपून घेऊन आले, म्हणजे आपल्याला शोधत बसायला नको. मी म्हटलं की एवढे पैसे माझ्यापाशी नाहीत. तर म्हणाले की पैसे कोण मागून राह्यलं, पोरीची एवढी पत हाये, मंग हात काहून आखडता घेता.

ताई, तुला राग येईल, पण ऐक. एकतीस वर्षं मी गाडीवर होतो. एकतीस वर्षांत तपासणीवाले चढले की आधी माझी बॅग उलटी करत, मग प्रवाशांची तिकिटं पाहत. एकदा दोन रुपये कमी निघाले तर दारव्ह्याच्या स्टँडवर लोकांसमोर मला चोर म्हटलं. ते दोन रुपये एका म्हातारीला सुटे परत देताना जास्त गेले होते. त्या दिवसानंतर माझ्यावर विश्वास आहे असं लेखी कुणी दिलं नाही. आता माझ्या पोरीच्या नावाने तसा कागद आला. मी तो मिरवला, हे खरं आहे. यात माझा काय गुन्हा?

अर्पिता यादी पाहिल्यापासून जेवत नाही आणि बोलत नाही. तू सांगितलंस तर ती ऐकेल. हप्ते पडतील, हळूहळू फिटेल. मोठी बहीण म्हणून एवढं कर.

तुझ्या रागाला लहानपणापासून सवयीचा,
मारोत


नेर,
दि. १३ फेब्रुवारी २०२५

चि. मारोतास आशीर्वाद. दारव्ह्याची गोष्ट तू मला कधीच सांगितली नव्हतीस. वाचून मी रडले. तुला चोर म्हणणारा तो माणूस आज भेटला तर त्याला काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. त्या बाबतीत मी तुझ्या बाजूची आहे आणि राहीन.

आता यादीचं. बेरीज केलीस का? कंडक्टर होतास ना? एक लाख चौऱ्याण्णव हजार नऊशे नव्वद. मर्यादा दोन लाख. यादी गरजेची असती तर त्यात पाटा-वरवंटा, कपाट, गॅसची शेगडी काहीतरी असतं. ही कार्डाच्या मापाने शिवली आहे. वरचे पाच हजार दहा रुपये त्यांनी आपल्याला शिल्लक ठेवले, त्यांचे आभार मानायचे का? आणि कार्ड वीस हजारांचं असतं तर याच सरळ माणसाने मिक्सर आणि इस्त्री मागितली असती, आणि आपण हसत दिली असती. मर्यादा वाढली म्हणून पोरीचा भाव वाढला, मारोत, आणि तो तूच बायोडाट्यात छापून पंचवीस घरी पाठवलास.

हप्ते पडतील म्हणालास म्हणून सांगते. महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे पहिल्या महिन्यात नुसतं व्याज पावणेसात हजारांच्या वर. तुझ्या पोरीच्या पगाराचा जवळजवळ अर्धा. भरणार कोण? तू नाहीस, वामनराव तर नाहीतच. तीच भरणार. म्हणजे तिने सासरी राहायचं, त्यांच्या सोफ्यावर त्यांनी बसायचं, आणि तिने रोज ड्युटीवर जाऊन स्वतःचंच आंदण फेडायचं. याला हुंडा म्हणत नाहीत म्हणे. मग याला काय म्हणतात ते वामनरावांना विचारून मला कळव.

मी अर्पिताला काहीही सांगणार नाही. तिला काय करायचं ते तिला कळतं, आणि नाही कळलं तरी निर्णय तिचाच आहे. तू तिच्यासमोर ताट ठेव आणि गप्प बस.

तुझी ताई, जी तुझ्यावर चिडते कारण तू तिला एकच भाऊ आहेस,
विमल


यवतमाळ,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास अर्पिताचा शि. सा. न. वि. वि. बाबांनी तुझं पत्र मला वाचायला दिलं. स्वतःहून दिलं. त्यानंतर काय काय झालं ते सगळं लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाकडंतिकडं ऐकायला नको.

वामनराव दुकानात आले होते त्या दिवशी मी काउंटरवरच होते, आत्या. मला वाटलं, सून कुठे काम करते ते पाहायला आले. मी स्टाफच्या पैशातून चहा मागवला, साखर कमी चालेल का विचारलं. ते डायरी घेऊन फ्रिजच्या रांगेत फिरत होते आणि मी कौतुकाने बघत होते. हे आठवलं की अजून माझे कान तापतात.

मी अंकुरला फोन केला. यादी माझी नाही म्हणाला. मी म्हटलं, मग तुझ्या बाबांना तसं सांग. तो म्हणाला की आता त्यांनी शब्द टाकला, तो कसा मोडू. आणि तुही लिमिट तर हायेच ना, वापराची नव्हती तं घेतली कायले? आत्या, हे वाक्य आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. गिऱ्हाईक काचकूच करायला लागलं की हसून म्हणायचं, लिमिट आहे ना, मग वापरा. दिवसातून चाळीस वेळा मी ते म्हणते. माझ्याशी लग्न करणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा कळलं की ते किती निर्लज्ज वाक्य आहे. समोरच्याचं उत्पन्न, घर, पोरंबाळं, कशाचीच चौकशी त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी मी मर्यादा कमी करायला निघाले. वाढवायला एक बटण आहे, मेसेजला हो म्हटलं की झालं. कमी करायचं बटणच नाही. मॅनेजर म्हणाले, असं आजवर कुणी मागितलं नाही. हेल्पलाइनवर तीनदा मला समजावलं की मॅडम, तुमचंच नुकसान आहे, स्कोअर खाली येईल. वाढवताना एकाने तरी विचारलं होतं का की एवढे कुठून फेडाल? शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहिला. कारण लिहा म्हणाले. मी लिहिलं, माझा पगार साडेचौदा हजार आहे. दहा हजार करून मागितली. पाच दिवसांनी झाली. या महिन्यात गिऱ्हाइकांच्या मर्यादा वाढवायच्या माझ्या तीसपैकी चारच झाल्या आहेत, कारण मी आता प्रत्येकाला आधी महिन्याची कमाई विचारते. मॅनेजरने ताकीद दिली आहे. नोकरी टिकेल की नाही सांगता येत नाही.

मर्यादा उतरल्याचा मेसेज मी अंकुरला पाठवला. संध्याकाळी वामनरावांचा बाबांना फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते म्हणाले की मंग पोरीची पत घसरली म्हणायची, आता आमाले विचार करा लागन. मी बाबांकडे पाहिलं. तपासणीवाल्यांसमोर ते कसे उभे राहत असतील तसेच उभे होते, हात बांधून. मला वाटलं आता माफी मागतील. पण बाबा म्हणाले की घसरली नाही, तिनं स्वतः खाली आणली. माह्या पोरीची पत थे कंपनी ठरवत नाही अन् तुमीबी नाही ठरवत. विचार आमचा झाला, तुमी तुमची यादी दुसऱ्या घरी द्या. आणि फोन ठेवला. आईने त्यांना धरून खाली बसवलं.

साक्षगंध मोडलं. जांभळी नारायणपेठ घडी करून ठेव. सगळे मला शाबास म्हणतात, आणि मी योग्य केलं हे मलाही कळतं. पण आत्या, त्याने त्या दिवशी कप उचलला होता तेव्हा मी मनात वणीचं घर मांडून मोकळी झाले होते. त्यात सोफा नव्हता, एसी नव्हता, एक खिडकी आणि आम्ही दोघं होतो. त्याने एकदा, फक्त एकदा, यादी नको म्हटलं असतं तर मी कार्डाचे तुकडे करून गेले असते. ते त्याच्याच्याने झालं नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि रडूही याचंच येतं.

रविवारच्या पहिल्या गाडीने तुझ्याकडे येते. काही समजावू नकोस, नुसती जवळ बस.

तुझीच,
अर्पिता